सासूबाईंची दाढ

माझ्या सासूबाईंच्या वरच्या डाव्या दाढेने माझ्या आयला आमच्या घराबाहेर काढलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसण्यासारखं आहेच ते. दाढ सासूबाईंची, ठणका त्यांचा, पू त्यांच्या गालात, आणि बाहेर कोण गेलं, तर अर्नाळ्याला सुकी मासळी विकणारी एक म्हातारी. मला मात्र अजून हसू येत नाही.

आय म्हणजे माझी जन्मदाती आई. आम्ही दर्यावरची माणसं. बाप होडी घेऊन जायचा आणि आय बोंबील वाळवायची. बांबूच्या वलांड्यांवर जोडीजोडीने लटकवलेल्या बोंबलांखालीच मी अभ्यास करत मोठी झाले. वसईला कॉलेजात गेले, तिथे एका वाडीवाल्याच्या मुलाशी जमलं आणि लग्न करून गासजवळच्या एका गावात आले. इथे यांची मोगऱ्याची आणि केळीची वाडी. सासरे लवकर गेलेले, वाडीचा आणि घराचा सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. मी नालासोपाऱ्याला शाळेत शिकवते, आणि आम्हाला एक मुलगी आहे.

ही मंडळी शाकाहारी असती तर पुढचं सगळं मी समजून घेतलं असतं. पण बुधवारी आणि रविवारी सरंग्याशिवाय यांचं पान हलत नाही. दारावर आलेल्या कोळणीच्या पाटीतला मासा सासूबाई कल्ला उघडून बघायच्या आणि भावावरून तिला रडकुंडीला आणायच्या. म्हणजे मासा चालत होता. माशाची माणसं तेवढी ओट्यापर्यंत.

तरी आयला त्यांनी सुरुवातीला आत घेतलं होतं, हे मी नाकारत नाही. आमच्यात एक रीत आहे. पाऊस लागायच्या आधी आई लेकीच्या घरी सुक्या मासळीची बेगमी घेऊन जाते. कुणाच्या हाती पाठवत नाही, स्वतः जाते आणि लेकीच्या स्वयंपाकघरातला डबा स्वतःच्या हाताने भरते. तळाशी सुकट, वर बोंबील, कडेने कोळंबीचे सोडे. आईने भरलेला डबा दर्या पुन्हा खुला होईपर्यंत पुरतो असं म्हणतात. आय दर वैशाखात रिक्षाने यायची, मांडीवर पाटी. फाटकातूनच हाक मारायची, थेट आत शिरायची, डबा भरायची आणि मग ओट्यावर बसून सासूबाईंबरोबर चहा प्यायची. दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायच्या. आयच्या तोंडी ते विहीनबाई व्हायचं, आणि माझी नणंद गालातल्या गालात हसायची.

या घरात आल्या आल्या मी एक चूक केली होती. पहाटे खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या टोपलीत होत्या. मी एक उचलून नाकाशी नेली. सासूबाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि केळीत भिरकावली. म्हणाल्या, "हुंगलेलं फूल देवाला जात नाही."  आमच्या घरी काहीही हातात घेतलं की आधी नाकाशी जातं. मासा, मीठ, तांदूळ, तान्ह्या पोराचं डोकंसुद्धा. आणि इथे मोगऱ्याच्या वाडीत राहून कोणी फुलाचा वास घेत नव्हतं. मला तेव्हा यांची कीव आली होती.

त्या वर्षी आय डबा भरून गेली आणि आषाढात सासूबाईंना सर्दी झाली. साधी सर्दी. सगळ्यांची गेली, त्यांची गेली नाही. नाक फक्त डावीकडून गळायचं. डावा गाल जड, डोळ्याखाली ठणका. कळ्या खुडायला वाकल्या की गालात दगड सरकल्यासारखं व्हायचं, मग त्या केळीला धरून उभ्या राहायच्या. मला वाईट वाटायचं. मी वेखंड उगाळून गालावर लावायची, ओव्याची पुरचुंडी शेकायला द्यायची, डोक्यावर टॉवेल टाकून वाफ द्यायची.

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "घरात कायतरी कुजलंय."

आम्ही फ्रिज सरकवला. कपाटामागे उंदीर शोधला. बाथरूमच्या जाळीत फिनेल ओतलं. काही मिळालं नाही. मला वासही येत नव्हता, आणि वासाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. कुठल्या बोंबलाला हवा लागली ते मी पिशवी न उघडता सांगू शकते. मी म्हटलं, "आई, मला तर काही येत नाही." त्या म्हणाल्या, "तुला कसा येईल? तू त्यातच वाढलीस."

तिथून सुकटीच्या डब्याचा प्रवास सुरू झाला. स्वयंपाकघरातून तो मागच्या पडवीत गेला. पडवीतून गच्चीवर. गच्चीवरून विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत. वास काही हलेना. एक दिवस मी शाळेतून आले तर केळीखाली कावळ्यांचा गोंधळ. जवळ जाऊन बघितलं. आयने कडेने लावलेले सोडे, बोंबील, सगळं खत म्हणून ओतलेलं, आणि डबा घासून उन्हात पालथा घातलेला. मांजर एक बोंबील घेऊन कुंपणावर बसलं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आईला त्रास होतो ना. केळीला तरी चांगलंच आहे ते."

हा माझा नवरा. कॉलेजात असताना माझ्यासाठी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, ओल्या जाळ्यांमध्ये, तासन्‌तास बसायचा. तेव्हा कुठे गेलं होतं याचं नाक?

डबा गेला तरी वास राहिला. मग गोष्ट जरा अवघड झाली, कारण आता कुणावर तरी ती टाकायला हवी होती. सासूबाई म्हणायच्या, "आला बघ, आत्ता आला." आणि मान वळवून बघायच्या, तर नेमकी मी दारातून आत आलेली असायची. गोखिवऱ्याला राहणारी नणंद रविवारी यायची. तिला आईने विचारलं, "येतो की नाही गे?" तिने हवेत दोनदा नाक उडवलं आणि म्हणाली, "येतो तर. उग्र आहे." नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "येतो खरा थोडा." मी त्याच्याकडे बघत होते. तो खोटं बोलत होता हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. सासूबाईंच्या शब्दाला नाही म्हणायची या घरात कुणाची छाती नव्हती. त्यांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर नणंदेने दिवा लावला असता.

मी स्टाफरूममध्ये सगळ्या गेल्यावर स्वतःच्या बाह्या हुंगायला लागले. ओढणी हुंगायची. रोज केस धुवायची. एका मैत्रिणीला एकदा धीर करून विचारलं, "माझ्या अंगाला वास येतो का गं?" ती हसली आणि म्हणाली, "खडूचा येतो." मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

औषधपाणी चालू होतंच. सोपाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ठणका कमी झाला की सासूबाई उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून द्यायच्या, पुढच्या वेळेला होतील म्हणून. त्यातल्या शेजारणीलाही द्यायच्या. शेजारणीचा गुडघा दुखत होता. गोळ्या घेतल्या की वासही कमी व्हायचा. तेव्हा सगळे म्हणायचे, बघ, मासळी बाहेर टाकली ना, म्हणून. पुन्हा आला की माझ्याकडे बघायचे. गेला तर श्रेय डबा फेकण्याला आणि आला तर दोष मला, असा हिशेब होता.

गणपतीच्या आधी आय आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते, तुझी बेगमी कावळ्यांनी खाल्ली? तिने येताना नारळ आणला होता आणि वाडीतल्या देवाला तेल. सासूबाई ओट्यावर झोपाळ्यात बसल्या होत्या. आय फाटकातून हाक मारत आत आली, पायरी चढली, आणि सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मुद्दाम नाही लावला, हे मी आज म्हणू शकते. त्यांना खरंच तो घाण वास त्या क्षणी आला असेल. पण माझ्या नणंदेने काय करावं? ती उठली, खिडक्या उघडल्या, आणि बाथरूममधला सुगंधी फवारा आणून ओट्यावर मारला.

आय उभीच होती. फवाऱ्याचे थेंब तिच्या दंडावर पडले. ती म्हणाली, "विहीनबाई, मी आज पाटीला हात पन नाय लावला." आवाज चढवला नाही. बाजारात एका रुपयावरून दहा जणींना गप्प करणारी बाई, पण इथे लेकीचं सासर होतं. सासूबाई म्हणाल्या, "तसं नाही हो, मला आपला त्रास आहे." आयने नारळ पायरीवर ठेवला. चहा टाकते म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर पोहोचली होती.

त्यानंतर ती आली नाही. दिवाळीला नाही, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला नाही. वैशाख आला आणि बेगमीही आली नाही. फोनवर म्हणायची, गुडघं दुखतात, रिक्षा मिलत नाय, पानी भरायचं हाय. तिचे गुडघे दुखत नव्हते. मी अर्नाळ्याला गेले की ती मला जेवू घालायची, पण निघताना सुकट बांधून द्यायची नाही. एकदा मीच पुडी करायला घेतली तर तिने हातातून काढून घेतली.

दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाईंचा गाल सुजला आणि ताप भरला. तेव्हा कुठे नवऱ्याने त्यांना वसईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वास फक्त तुम्हालाच येतो, की घरातल्या सगळ्यांना?"

सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांना."

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघितलं. नवरा पंख्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मला येत नाही. कधीच आला नाही."  एवढ्या दिवसांत हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तो म्हणाला, "मला... म्हणजे नक्की नाही सांगता येणार." पुढे त्यांनी विचारलं, "आजी, बाकीचे वास येतात का? तुमच्याकडे मोगरा आहे म्हणता, त्याचा येतो?" सासूबाई जरा ताठ झाल्या. म्हणाल्या, "देवाच्या फुलांचा वास आम्ही घेत नाही."

तेव्हा मला कळलं. यांना मोगऱ्याचा वास येईनासा झाला होता आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

नाकात बारीक दुर्बीण घालून बघितलं. मग सीटी स्कॅन. पडद्यावर सासूबाईंचं डोकं आडवं कापल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की गालाच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना, पोकळ्या असतात. त्यात हवा असते आणि तिथला ओलावा एका अरुंद तोंडातून नाकात उतरतो. ते तोंड सर्दीने सुजून बंद झालं की आत साठतं आणि पिकतं. बहुतेक वेळा ते आपोआप बरं होतं. पण एकाच बाजूला आणि अशी घाण असली की आधी दात बघायचे, कारण वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. उजवी पोकळी पडद्यावर काळी होती, म्हणजे मोकळी. डावी गच्च भरलेली, आणि खालून दाढेचं एक तुटकं मूळ तिच्यात घुसलेलं.

"दाढ कधी तुटली?"

सासूबाईंनी डाव्या गालावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं झाली. लवंग धरते तिथे." दात काढायची त्यांना भीती. चिमट्याचं नाव काढलं तरी घाम फुटायचा, म्हणून कुणाला बोलल्या नाहीत आणि उजवीकडून चावत राहिल्या. "वास तुमच्या गालातून येतोय आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेर कुठेच नाहीये तो." त्या हे अगदी सहज म्हणाल्या. त्यांना काय माहीत त्या काय म्हणत होत्या.

 मला वाटलं होतं, आता घरी गेल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "सायनस निघालं. हल्ली सगळ्यांनाच असतं."

वसईतल्या दाताच्या डॉक्टरने मूळ काढलं, पोकळीच्या तळाचं भोक टाके घालून बंद केलं. गोळ्यांचा कोर्स यावेळी पुरा करायचा होता. बिस्किटाचा डबा मी कचऱ्यात टाकला आणि प्रत्येक गोळी समोर उभी राहून गिळायला लावली. आणि हिरडी भरून आल्यावर रोज नाक धुवायचं होतं, पाणी उकळून गार केलेलं, त्यात बेताचं मीठ. नळाचं किंवा विहिरीचं तसंच पाणी वापरायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी ते पाणी करायची. सासूबाई मोरीत वाकायच्या, मी बाटली धरायची. एका नाकपुडीतून पाणी जायचं आणि दुसरीतून पिवळं, घाण वासाचं काहीतरी बाहेर यायचं. तो मात्र मला आला. हा तो वास. माझ्या आयच्या नावावर लावलेला. मला तेव्हा वाटायचं, नवऱ्याला हाक मारावी, नणंदेला गोखिवऱ्याहून बोलवावं आणि दोघांची डोकी त्या मोरीत वाकवावी. मी नुसती बाटली पुन्हा भरायची.

हळूहळू सगळं थांबलं. चैत्रात एका पहाटे वाडीत कळ्या खुडताना सासूबाई एकदम सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "मोगरा काय फुललाय गे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटली, खोटं कशाला बोलू. मग आठवड्याभराने त्या जेवता जेवता म्हणाल्या, "आता घर कसं स्वच्छ वाटतं. तोंडाला चव आली. तुझ्या आईला सांग, यंदा बेगमी आण म्हणावं. सुकटीची चटणी खावीशी वाटतेय."

माझा घास हातात राहिला. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्यांनी खरंच फोन लावला. विहीणबाई, दिसलाच नाहीत, असं कसं, यायलाच पाहिजे. माफीचा एक शब्द नाही. बहुतेक त्यांच्या मते माफी मागण्यासारखं काही झालंच नव्हतं. आजारी त्या होत्या.

आय आली. रिक्षा फाटकाशी थांबली, पण हाक आली नाही. मी बाहेर गेले. ती चाफ्याखाली उभी होती. ठेवणीतलं लुगडं, केस धुतलेले आणि अजून ओले, गळ्यावर पावडरचा पांढरा पट्टा. माझ्या आयने जन्मात पावडर लावली नव्हती. पाटी नव्हती. हातात एक पिशवी, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी, सगळ्यांना सुतळीच्या गाठी. तिने माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"बघ गो. वास येतो काय माझा?"

मी तिच्या खांद्यात नाक खुपसलं. चंदनाचा साबण, पावडर, आणि त्याच्याखाली माझी आय, मीठ आणि ऊन. मी म्हटलं, "नाही येत."

"नीट बघ."

"नाही येत आय. त्यांची दाढ सडली होती. तुझा कधीच नव्हता. सांगितलं ना मी तुला फोनवर."

"सांगितलंस," ती म्हणाली. "पन सगल्यांना येत होता ना?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "या या, आत या विहीणबाई." अगदी मनापासून म्हणाल्या. आय आली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. आत ये, डबा भर, म्हणून मी तिचा हात ओढला. ती म्हणाली, "तूच भर आता. मोठी झालीस." मग मी एकटीने स्वयंपाकघरात कात्रीने गाठी कापल्या आणि डबा भरला. तळाशी सुकट, वर बोंबील. सोडे कडेने लावायला गेले, ते तिच्यासारखे लागले नाहीत.

चहा घेऊन बाहेर आले. सासूबाईंचं बोलणं जोरात चाललं होतं, सीटी स्कॅनचं आणि दाताच्या टाक्यांचं. मी कप आयपुढे धरला. तिने तो घेतला नाही. कमरेच्या पिशवीतून एक स्टीलचा पेला काढला, घरून आणलेला, आणि पदराने पुसून माझ्यापुढे धरला.

"यात दे. तुमच्या कपाला लागंल."

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कपातला चहा आयच्या पेल्यात ओतला.